नाव रस्त्यावर असते तेव्हा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा बोलणाऱ्याचीच ठेवली आहे.)

मी उमरेडचा. पिकअप चालवतो, वीस वर्षं होत आली. सिमेंट, मिरची, कापूस, लग्नाचा मंडप, जे मिळेल ते भाडं घेतो. आणि वर्षातून आठ-दहा वेळा नाव. हो, नाव. आमच्याकडे समुद्र नाही, पण पाणी आहे. भिवापूर, कुही, पवनी या पट्ट्यात जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि गोसेखुर्दचं धरण झाल्यापासून वैनगंगेचं पाणी मागे लांबवर पसरलंय. धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पाणी भरायला मात्र पुढे कितीतरी वर्षं लागली. आता त्या पाण्यावर मासेमारी चालते. नाव एका ठिकाणी बनते, दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त होते आणि तिसऱ्या ठिकाणी पाण्यात उतरते. मधलं अंतर ती रस्त्यानं जाते. आज त्या मधल्या अंतराबद्दल बोलणार आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, म्हणजे पुढचं मी का सांगतोय ते कळेल.

२०१७ चा पावसाळा. तेव्हा माझ्याकडे छोटा हत्ती होता. ओळखीच्या एका मच्छीमार काकांची फायबरची नाव पवनीकडे न्यायची होती. नाव १६ फुटांची. छोट्या हत्तीचा डाला साधारण ७ फुटांचा. म्हणजे ९ फूट नाव बाहेर. मी म्हटलं, काही होत नाही. पुढचं टोक केबिनच्या वर टेकवलं, नायलॉनचा दोर तीन ठिकाणी ओढून बांधला, मागे लाल फडकं लावलं आणि निघालो. उमरेड सोडल्यावर पाऊस लागला. काका शेजारी बसलेले. दोनदा म्हणाले, "भाऊ, दोर ढिला वाटते." मी म्हटलं, "काही नाही होत जी."

भिवापूरच्या अलीकडे एका गावात गतिरोधक आला. तो मला उशिरा दिसला. गाडी उडाली, नावेचं मागचं टोक खाली आपटलं, पुढचं वर उठलं आणि अख्खी नाव फिरून मागून येणाऱ्या मोटरसायकलवर गेली. नवरा, बायको आणि टाकीवर पुढे बसलेलं चार वर्षांचं पोरगं. पोराला खरचटलंही नाही. नवऱ्याचा पाय मोडला. रोवणीचे दिवस होते. त्या वर्षी त्याच्या शेतातली रोवणी दुसऱ्यांनी केली. दवाखान्याचा खर्च मी दिला, पण तो भाग सोडून द्या. त्याची बायको मला एकच वाक्य बोलली होती. "पोरगं समोर बसलं होतं जी." ते वाक्य मी आजही गाडीला दोर बांधताना ऐकतो.

तिथं काय चुकलं होतं

पहिली गोष्ट, नायलॉनचा दोर. कोरडा असताना तो घट्ट वाटतो, ओला झाला की ताणतो. गाठ तीच असते, पण दोर लांब झालेला असतो. पावसात नाव घेऊन जाताना दर दहा-पंधरा किलोमीटरला उतरून दोर हातानं ओढून बघावा लागतो. मी एकदाही उतरलो नव्हतो. आता मी रॅचेटचे पट्टे वापरतो, ट्रकवाल्यांकडे असतात ते. पट्टा कमी ताणतो आणि ढिला झाला तर दांडा दोनदा हलवला की पुन्हा आवळतो.

दुसरी गोष्ट, बाहेर निघालेले ते ९ फूट. लाल फडकं म्हणजे परवानगी, असं आपण समजतो. तसं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली, त्यातल्या कलम १९४ प्रमाणे माल गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च आपलाच. पण दंडाचं सोडा. अर्ध्याहून जास्त नाव हवेत असली की गतिरोधकावर ती ढेकळीसारखी वागते. मागचं टोक खाली गेलं की पुढचं वर येतंच.

मग उपाय काय? १६ फुटांच्या नावेला सरळ उपाय म्हणजे सतरा फुटी आयशर. नाव आत पूर्ण मावते, वाद नाही. एकदाच न्यायची असेल तर थोडे जास्त पैसे द्या आणि आयशरच करा, असं मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो, माझं भाडं जातं तरी. पण वर्षातून दहादा न्यायची असेल तर परवडत नाही. त्याला दुसरा रस्ता म्हणजे पिकअपच्या मागे दोन चाकांचा ट्रेलर. त्यावर नाव ठेवायची आणि ओढत न्यायची.

ट्रेलर घ्यायच्या आधी दोन कागद बघा. एक, तुमच्या गाडीच्या पुस्तकात मागे किती वजन ओढता येतं ते दिलंय का. दिलं नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी नाही असं समजा. छोट्या हत्तीच्या मागे ट्रेलर लावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही, त्यासाठी गाडीच बदलली. दोन, ट्रेलरची स्वतःची नोंदणी. कायद्याच्या दृष्टीनं ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याला नंबर लागतो, विमा लागतो. वेल्डिंगवाल्याकडून चार अँगल जोडून आणलेला सांगाडा स्वस्त पडतो, पण काही झालं तर विम्याचा एक रुपया मिळत नाही. मोडलेला पाय कोणाचा आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मी एकदा भोगलाय.

बंडीवाल्या आजोबांचं शहाणपण

आता मुख्य गोष्ट. ट्रेलर आणल्यावर पहिल्याच फेरीत माझी फजिती झाली. रिकाम्या रस्त्यावर, ताशी ५० च्या आसपास, ट्रेलर मागे झुलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी थोडा जास्त. पिकअपचं ढुंगण धरून कोणीतरी हलवतंय असं वाटत होतं. कशीबशी थांबवली. सगळं नीट बांधलेलं होतं, टायरमध्ये हवा होती. कारण कळेना.

घरी आलो आणि आजोबांना सांगितलं. आजोबांनी आयुष्यभर बंडी हाकलेली. त्यांनी एकच विचारलं, "मोटर कुठं ठेवली होती?" मी म्हटलं, नावेला मागेच लावलेली होती, पेट्रोलचा डबाही मागेच. ते म्हणाले, "मग बंडी उलार झाली न बाप्पा."

ज्यांनी बंडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंडीत माल मागे जास्त भरला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. याला गाडी उलार होणं म्हणतात. माल पुढे जास्त भरला तर सगळं ओझं बैलाच्या खांद्यावर येतं आणि बैल मान टाकतो. चांगला धुरकरी माल असा भरायचा की जू खांद्यावर हलकंसं टेकलेलं राहील, उचलणार नाही आणि दाबणारही नाही.

ट्रेलरचंही तेच आहे. ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून जितकं वजन, त्याचा साधारण दहावा भाग पुढच्या कडीवर यायला पाहिजे. माझ्या नावेचं वजन २०० किलो, मोटर ४० किलो, ट्रेलर १५०, बाकी जाळी आणि सामान धरून ४०० च्या आसपास. म्हणजे कडीवर ४० किलोचा भार हवा. त्यापेक्षा फार कमी असला तर ट्रेलर झुलतो. फार जास्त असला तर पिकअपचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

मोजायचं कसं? सोपं आहे. मिरचीच्या अडत्याकडे काटा असतो. ट्रेलर सपाट जागेवर उभा करा, चाकांना दगड लावा आणि कडी पिकअपला जेवढ्या उंचीवर बसते तेवढ्याच उंचीवर काट्याच्या वर टेकवा. आकडा कमी आला तर नाव ट्रेलरवर थोडी पुढे सरकवा, जास्त आला तर मागे. मोटर जड असेल तर काढून पिकअपच्या डाल्यात ठेवा. एकदा जागा ठरली की ट्रेलरवर रंगानं खूण करून ठेवा. माझी खूण पिवळी आहे.

आणि झुलायला लागलाच तर? ब्रेक मारू नका. वेग वाढवूनही बघू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. तो डावीकडे गेला म्हणून तुम्ही उजवीकडे वळवलं की झोका वाढतो. वेग उतरला की तो आपोआप शांत होतो. मग थांबा, उतरा, आणि माल कुठे सरकला ते बघा. आमच्या उमरेडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालतात. मोठा ट्रक जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानंही ट्रेलर हलतो. म्हणून नाव मागे असताना मी ताशी ४० च्या वर जात नाही आणि कोणाला ओव्हरटेक करत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्या.

निघण्याआधी आणि पोचल्यावर

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. कडीला कुलूपपिन हवीच, आणि खाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या लावायच्या. कडी निसटली तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. नावेचं पुढचं टोक बांधून भागत नाही, मागची बाजू दोन पट्ट्यांनी ट्रेलरला आवळा. मागचे दिवे आणि इंडिकेटर लागतात का ते दुसऱ्याला मागे उभं करून बघा. नावेतलं बूच काढून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी साचून वजन वाढणार नाही. फक्त पाण्यात उतरवण्याआधी बूच परत लावायचं विसरू नका. हसू नका, मी विसरलोय.

पाच किलोमीटरवर एकदा थांबा. पट्टे सुरुवातीलाच बसतात आणि ढिले होतात. उतरल्यावर ट्रेलरच्या चाकाच्या मध्यभागी हात जवळ न्या. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग जातंय असं समजा.

आता पाण्याजवळ. तासभर चाललेलं चाक गरम असतं. ते तसंच पाण्यात घातलं की बेअरिंगच्या आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि पाणी आत ओढून घेते. महिनाभरात बेअरिंग गंजतं. म्हणून पोचल्यावर अर्धा तास थांबा, चहा घ्या.

आमच्याकडे काठावर सिमेंटचा उतार नसतो, काळी माती असते. ओल्या काळ्या मातीत रिकाम्या पिकअपची मागची चाकं जागच्या जागी फिरतात. मी पाहिलंय, नाव उतरवताना गाडीच पाण्याकडे घसरत गेली होती. २०० किलोची नाव सहा जण उचलतात. गाडी वर कडक जमिनीवर ठेवा आणि नाव हातांनी न्या. गाडी मागे घ्यायचीच असेल तर स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरा. मग हात डावीकडे गेला की ट्रेलरही डावीकडे जातो, डोक्यात गोंधळ होत नाही. आणि ट्रेलरच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही, पोरं तर नाहीच.

शेवटची एक गोष्ट. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते. भंडाऱ्यात पाणी शिरलं, खाली ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं वेढली गेली. बचावपथकाच्या रबरी नावा हवा काढून घडी करून ट्रकमध्ये जातात. आपल्या फायबरच्या नावेची घडी होत नाही. त्या रात्री आमच्या पाहुण्यांचा पवनीकडून फोन आला, नाव आणता येईल का म्हणून. मी ट्रेलर जोडला आणि साखळी न लावताच बसलो होतो. घाई होती. ते मच्छीमार काका, ज्यांची नाव मी पाडली होती, तेच सोबत होते. खाली उतरले, दोन्ही साखळ्या लावल्या, पट्टे आवळले, बॅटरी धरून दिवे बघितले. दहा मिनिटं गेली. मी चिडलो. ते म्हणाले, "भाऊ, पोचली तर नाव."

आम्ही ४० नेच गेलो. पहाटे पोचलो. नाव अखंड होती. दोन दिवस तिनं एका वस्तीवर पाणी आणि शिधा नेला.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्याकडे नाव नसेल, पण पाइप असतील, सळ्या असतील, पाण्याची टाकी असेल. निघण्याआधीची दहा मिनिटं काढा. मागून येणाऱ्या मोटरसायकलच्या टाकीवर कोण बसलंय ते आपल्याला दिसत नसतं.

सांभाळून चालवा.