सरावपाठाचा शेरा

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रश्न’ असा ऐसपैस विषय दिला आहे. त्याच्या एकाच कोपऱ्याविषयी बोलण्याची मी आपली परवानगी घेतो. होतकरू शिक्षक सरावपाठ घेतो, वर्गात मागे बसून कोणीतरी तो पाहतो आणि टाचणवहीच्या तळाशी दोन ओळींचा शेरा लिहून सही करतो. शाळेत समता आणायची असेल, तर या दोन ओळींकडे आपण फार पूर्वीच पाहायला हवे होते, असे मला वाटते.

१९७४ साली मी बी.एड.चा छात्राध्यापक होतो. साताऱ्यातील एका शाळेत सातवीच्या वर्गावर माझा भूगोलाचा पाठ होता. घटक होता पर्जन्यछायेचा प्रदेश. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपासच घुटमळतो. हे का होते, ते मला शिकवायचे होते. हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे टाचण काढले होते, नकाशा रंगवला होता. पाठ घड्याळाच्या काट्यावर संपला. महाविद्यालयाचे प्राध्यापक त्याच तासाला दुसऱ्या वर्गावरचाही पाठ पाहत असल्याने मध्येच उठून गेले होते, परतल्यावर त्यांनी लिहिले, “पाठ चांगला. आवाज स्पष्ट. फलकलेखन सुधारावे.” गुणही बरे दिले. मी खूश होतो.

त्या शाळेतले एक वयस्क शिक्षक मात्र तासभर मागच्या बाकावर बसून होते. त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावले आणि एक कागद पुढे केला. त्यावर वर्गाचा आराखडा होता. एकेका मुलासाठी एकेक चौकोन, आणि मी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक टिंब. “मास्तर, बघा जरा,” एवढेच ते म्हणाले. वर्गात चव्वेचाळीस मुले होती. मी तेवीस प्रश्न विचारले होते आणि त्यांतले सतरा पुढच्या दोन बाकांवरच्या सात मुलांना. खिडकीकडच्या शेवटच्या तीन बाकांवर एकही टिंब नव्हते. तिथे कोण बसते, हे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले, की ७२च्या दुष्काळात माणमधून जगायला आलेल्या कुटुंबांची ती पोरे आहेत. त्यांतल्या दोघांनी आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली आहे.

पर्जन्यछायेवरचा पाठ, आणि ज्यांनी ती छाया अंगावर काढली त्यांना एकही प्रश्न नाही!

मला लाज वाटली असे मी सांगितले, तर ते खोटे ठरेल. मला राग आला. “ती मुले उत्तर देत नाहीत, पाठ रखडतो आणि गुण जातात,” असे मी तणतणत म्हणालो. गुरुजींनी वाद घातला नाही. कागद मात्र मला नेऊ दिला. पुढचे दोन दिवस मी त्यांना टाळत होतो.

या रागात माझा स्वभाव होता, तशी पद्धतही होती. जो पाठ पाहतो तोच गुण देतो, अशी ही पद्धत आहे. मग छात्राध्यापक शिकण्यासाठी नव्हे, निभावण्यासाठी पाठ घेतो. आदल्या दिवशी हुशार मुलांना उत्तरे सांगून ठेवण्याचा प्रकार तुम्हांपैकी कितीजणांनी केला आहे, हे मी विचारत नाही. मी स्वतः केला आहे. टीका ऐकताना ज्याच्या डोळ्यांपुढे गुणपत्रिका नाचते, त्याच्या कानांत टीका शिरत नाही.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली होती, की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत; ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील, प्रसंगी नांगर धरायला लाजणार नाहीत. मागणी रास्तच होती, पण माझ्या बाबतीत ती अपुरी पडली. मी शेतकऱ्याचाच मुलगा. तरी हातात खडू येताच माझी नजर पुढच्या बाकांवर खिळली. ती खिळते हे मला माझे मला दिसले नसते. मागे बसून दाखवणारा कोणीतरी लागतो.

शास्त्र आपल्याकडे नाही असे नाही. वर्गातील बोलण्याची दर तीन सेकंदांनी दहा प्रकारांत नोंद करण्याची फ्लँडर्स यांची पद्धत बी.एड.ची मुले वर्षानुवर्षे परीक्षेत लिहीत आली. वर्गात दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्यातला दोन तृतीयांश वेळ शिक्षकच, हेही त्यांना पाठ असते. पण त्या कोष्टकात ‘विद्यार्थी बोलला’ एवढेच नोंदवले जाते. कोणता विद्यार्थी, हे नाही. सूक्ष्म अध्यापनाची भारतीय रीत छत्तीस मिनिटांची: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे चर्चा, बारा मिनिटे नवे नियोजन, सहा मिनिटे फेरपाठ आणि पुन्हा सहा मिनिटे चर्चा. चुकलेले लगेच पुन्हा करून पाहायला मिळते, ही त्यातली मोलाची गोष्ट. मात्र समोर मुले म्हणून बसतात ते सहाध्यायी, आणि त्यांना सगळी उत्तरे येतात. त्या वर्गाला मागचा बाकच नसतो.

२०१५पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, वीस आठवडे शाळेत काढणे आले. स्वागतार्ह आहे. परंतु महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाला न्या. वर्मा आयोग नेमावा लागला होता आणि त्याचा २०१२चा अहवाल आपल्याला मान खाली घालायला लावणारा होता, हेही विसरू नये. जिथे विद्यालयच कागदावर, तिथे सरावपाठ आणि त्याचा शेराही कागदावरच.

तर माझा दुसरा पाठ. तोच वर्ग, घटक पुढचा. या वेळी पहिला प्रश्न मी खिडकीकडे टाकला. शांतता. मी वाट पाहिली. ती वाट पाहणे किती जड जाते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पुढची मुले हात उंचावून चुळबुळत होती. अखेर एक मुलगा उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, “ढग येत्यात जी, पर मोकळंच असत्यात.” वर्ग हसला. मी ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि ढग मोकळे का, येथून पाठ पुढे नेला. तो पुरा झाला नाही. प्राध्यापकांनी “पाठ अपूर्ण राहिला” असा शेरा मारून पूर्वीपेक्षा कमी गुण दिले, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे ते योग्यच होते. गुरुजींच्या कागदावर शेवटच्या तीन बाकांत पाच टिंबे होती. दोन बाक अजूनही कोरे होते. त्यांवर त्यांनी पेन्सिलीने गोल केले होते.

जाता जाता एक आगाऊपणा करतो. कालपासून या शिबिरात मीही एका कागदावर टिंबे मांडत बसलो आहे. ती वाचून दाखवत नाही, संयोजकांना देईन.

आता मागणीचे. त्या गुरुजींना तो तास पाहण्यासाठी कोणी सवड दिली नव्हती. मधल्या सुट्टीतले वह्या तपासण्याचे काम त्यांनी घरी नेले होते. आजही ज्या शाळेत छात्राध्यापक येतात, तिथल्या शिक्षकाच्या वेळापत्रकात त्याचा पाठ पाहायला आणि नंतर त्याच्याशी बोलायला जागा नसते, आणि मुलांना नावानिशी ओळखणारा तर तोच असतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपल्यातले अनेकजण या समित्यांवर आहेत. छात्राध्यापक शाळेत असतील तितके आठवडे त्या शिक्षकाला रोज एक तास मोकळा मिळावा आणि गुण देण्याचे काम त्याच्याकडे नसावे, असा ठराव समितीच्या पुढच्या बैठकीत मांडता येईल. मुख्याध्यापक म्हणतील, शिक्षकच कमी आहेत. खरे आहे ते. मग रिक्त जागांचा आकडा त्याच ठरावात लिहून पंचायत समितीकडे पाठवा.