नियुक्तिपत्रातील आकडा आणि हाती येणारा पगार



पदवी हाती पडताच मुलाने पगाराचा विषय काढला की घरातील वडीलधारी मंडळी नाराज होतात. ‘आधी काम शीक, पैसा मागाहून येईल,’ हे वाक्य किती घरांतून ऐकू येते! ते खोटे नाही. पण ज्या पिढीला ते खरे ठरले, तिच्या निष्ठेला निवृत्तिवेतनाची शाश्वती होती. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत येणाऱ्यांनाही, सैन्यदले वगळता, जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. खाजगी नोकरीत तर ती शाश्वती बहुतेकांना कधी नव्हतीच.

वार्षिक ३ लाख ६० हजारांचे एखादे नियुक्तिपत्र घ्यावे. महिना ३० हजार, असा हिशेब लगेच होतो आणि पेढेही वाटले जातात. त्यात मूळ वेतन १५ हजार धरले, तर भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा १,८०० आणि कर्मचाऱ्याचा तेवढाच. ग्रॅच्युइटीपोटी सातशेवर रुपये जातात. कायम नोकरीत ती मिळण्यास सामान्यतः पाच वर्षांची सेवा लागते. कामगिरीवर अवलंबून असणारा भाग दहा टक्के असेल, तर आणखी तीन हजार बाजूला पडतात. महिनाअखेर हाती येतात साडेबावीस हजारांच्या आसपास. निधीतील पैसा बुडत नाही हे खरे, परंतु त्यातून खोलीचे भाडे देता येत नाही. बेंगळुरूसारख्या शहरात अनामतच अनेकदा सहा ते दहा महिन्यांच्या भाड्याएवढी मागितली जाते.

अशा वेळी मुलाखतीत ‘हातात किती येतील?’ असे विचारणे उद्धटपणाचे कसे? भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या घरांना हा प्रश्न अशिष्ट वाटावा, हे नवलच.

मात्र दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. नियुक्तिपत्र स्वीकारून रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद ठेवणे, किंवा पूर्वसूचनेची मुदत न पाळता नाहीसे होणे, याला व्यवहारचातुर्य म्हणता येणार नाही. मालक आपले नुकसान भरून काढतो. पण अर्धवट काम शेजारच्या सहकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडते, आणि त्या जागेसाठी नाकारला गेलेला उमेदवार घरीच बसलेला असतो.

पालकांनी एवढेच करावे: पेढ्यांआधी तो कागद मुलासोबत बसून वाचावा. मूळ वेतन किती, अनिश्चित भाग किती, आणि नोकरी सोडायची झाल्यास किती दिवस आधी कळवायचे? हे सारे सहसा मागच्या पानांवर असते, आणि ती पाने फारशी कोणी उलटत नाही.