एका चित्रगृहाची पाटी



बडोद्यात ग्रंथ आणि चित्रपट एकमेकांस परके नाहीत. दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले. संस्थानच्या ग्रंथालय खात्याची दृक्‌शिक्षण शाखा खेड्यापाड्यांत चित्रपट दाखवीत असे. म्हणून ग्रंथालयाच्या या व्यासपीठावरून एका चित्रगृहाविषयी बोलतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ, पुस्तकांच्या दुकानांच्या शेजारी, इंदूरच्या सरदार किबे यांचे चित्रगृह १९३४ साली सुरू झाले. वास्तू किब्यांची, चालविणारे प्रभातकार. पुढे दामले कुटुंबाने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. मराठी चित्रपटाला तेथे हक्काचे घर लाभले. २०१४च्या डिसेंबरात 'प्रभात' ही पाटी उतरली, वास्तू मालकांकडे परत गेली आणि पुढे 'किबे लक्ष्मी' या मूळ नावाने उघडली.

ज्याचे त्याला मिळाले, हे योग्यच झाले. परंतु आठ दशकांच्या प्रेक्षकांच्या आठवणींचा वारस कोण? ती नोंद मालकाच्या दप्तरात नसते, भाडेकरूच्याही नसते. ते काम ग्रंथालयाचे आहे. आपल्या घरी आपल्या गावच्या चित्रगृहांची जुनी तिकिटे, जाहिरातपत्रके असतील, तर ती रद्दीत न घालता येथे आणून द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.