काळ्या पाटीच्या गाड्या

गोव्याच्या रस्त्यावर काळी नंबरपाटी आणि तिच्यावर पिवळे आकडे दिसले की ओळखावं, ही स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. या गाड्यांच्या निगेबद्दल आज मला बोलायचं आहे, गाडी देणाऱ्यांशी आणि नेणाऱ्यांशीही.

घरची गाडी चालवणारा माणूस बहुधा एकच असतो. ब्रेकचं पेडल कालच्यापेक्षा खाली जातंय, वळताना पुढच्या चाकातून कटकट ऐकू येतेय, हे त्याला लगेच जाणवतं. भाड्याच्या गाडीत शुक्रवारी पुण्याचं कुटुंब बसतं, सोमवारी बेळगावची मित्रमंडळी, गुरुवारी हैदराबादचं नवं जोडपं. प्रत्येकाला वाटतं, ही गाडी मुळातच अशी असेल. बिघाड वाढत जातो आणि तो कधी सुरू झाला हे कुणालाच ठाऊक नसतं. या गाड्यांचं खरं दुखणं मला हेच वाटतं. किती किलोमीटर पळाली, किती जुनी झाली, हे त्यानंतरचं.

१९८९ साली रेंट-अ-कॅब योजना आली, तेव्हा परवान्यासाठी किमान पन्नास गाड्यांची अट होती. पन्नास गाड्यांची दुखणी कुणाच्या डोक्यात राहणार? त्यासाठी गाडीगणिक एक वही हवी. गाडी परत आली की आपण बंपरवरचे ओरखडे आणि टाकीतलं पेट्रोल बघतो. त्याआधी गिऱ्हाईकाला विचारा: गाडी एका बाजूला ओढते का? गिअर पडताना अडतो का? क्लच जळल्याचा वास आला होता का? उत्तर तारीख आणि किलोमीटरसकट वहीत उतरवा.

आणि मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, खरं सांगणाऱ्याचं डिपॉझिट कापू नका. चाक खड्ड्यात आपटलं असं सांगितल्यावर पैसे जाणार असतील, तर माणूस गप्प राहील. मग टायरच्या कडेला आलेला फुगा तसाच राहतो आणि पुढचं कुटुंब, मुलाबाळांसह, त्याच टायरवर चोर्ला घाट उतरतं.

घाटाचं नाव निघालं म्हणून सांगतो. अनमोड असो की आंबोली, उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा. सपाटीवर गाडी चालवायची सवय असलेला माणूस सतत ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक तापतात, आणि इथे ब्रेक ऑइलचा प्रश्न येतो. हे तेल हवेतली ओल शोषतं. ओल धरलेलं तेल लवकर उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते दोन वर्षांत बदललंच पाहिजे, मग दिसायला स्वच्छ का असेना.

वाळूत गाडी घालायची हौस तर सोडाच. किनाऱ्यावर गाडी नेण्याला बंदी आहे, आणि मोरजीच्या वाळूत कासवं अंडी घालतात. शिवाय खारं पाणी ब्रेकच्या पाइपांना आणि सांध्यांना गंज चढवतं. गाडी धुताना छपरापेक्षा तिच्या पोटावर जास्त पाणी मारा, आणि ते गोडं असू द्या.

पावसाळ्यात धंदा मंदावला की गाड्या माडांखाली उभ्या राहतात. उभी गाडी सुरक्षित, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, ओढून ठेवलेला हँडब्रेक आत चिकटून बसतो. तेव्हा हँडब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. आठवड्यातून एकदा तरी तिला चार-पाच किलोमीटर फिरवून आणा. जागच्या जागी इंजिन चालू करून भागत नाही, कारण त्याने चाकं आणि ब्रेक हलत नाहीत.

गाडी नेणाऱ्यांनी ताबा घेताना टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३२२१ असेल, तर तो टायर २०२१च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. डिकी उघडून स्टेपनीचेही आकडे वाचा. तिच्यातली हवा, जॅक आणि पाना मालकासमोरच तपासून घ्या, आणि काही कमी असेल तर ते तिथेच वहीत लिहायला लावा.