भूल उतरली नाही तर…



स्वागत समितीच्या वतीने मी दंतवैद्यक आणि मुखशल्यचिकित्सा क्षेत्रातील आपणा सर्व सहकाऱ्यांचे आणि विद्यार्थी मित्रांचे मिरजेतील या परिषदेत मनःपूर्वक स्वागत करतो. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण विश्वासाने या गावात येतात. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचेही हेच गाव. जिभेचे मोल इथे वेगळे सांगायला नको.

आपण देतो त्या भुलीची परंपरा जुनी आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला आणि लगोलग न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेड व हॉल यांनी खालच्या जबड्याची नस बधिर केली. १९४३ मध्ये स्वीडनच्या लॉफ्ग्रेन यांनी घडवलेले लिग्नोकेन हे भुलीचे औषध आज आपण रोज हाताळतो. दात काढणे सुसह्य झाले ते या परंपरेमुळे.

मात्र क्वचित एखाद्याची भूल उतरत नाही. ओठ, हनुवटी किंवा अर्धी जीभ बधिर राहते, चव जाते, जेवताना जीभ चावली जाते. खालच्या जबड्याची नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये, जिभेची नस सुईच्या वाटेवरच असते, म्हणून इजा बहुधा तिला होते. इजेचे कारण सुईचा घाव असेल, आत साकळलेले रक्त असेल किंवा औषधाचा विषारी परिणाम. कॅनडातील ऑन्टारिओतल्या नोंदी हास आणि लेनन यांनी १९९५ मध्ये मांडल्या. त्यांत आर्टिकेन आणि प्रिलोकेन या चार टक्के तीव्रतेच्या औषधांनंतर अशा तक्रारी जास्त आढळल्या. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि या परिषदेत त्यावर मोकळी चर्चा व्हावी.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. पण तोवर त्यांना एकटे सोडणे हा माझ्या मते इजेहून मोठा दोष आहे. “होईल हो बरे” एवढ्यावर त्यांची बोळवण करू नका. इंजेक्शनपूर्वी ही शक्यता त्यांच्या भाषेत सांगा. “करंट लागला” असे रुग्ण म्हणाला, तर तिथे औषध सोडू नका; सुई मागे घेऊन दिशा बदला आणि केसपेपरवर तशी नोंद करा. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. बधिरपणा राहिला असेल, तर कापसाने आणि टाचणीने तपासून त्याची हद्द लिहून ठेवा, पुन्हा बोलवा, सुधारणा दिसेना तर वेळेत तज्ज्ञाकडे पाठवा.

आमच्या व्यवस्थेत काही उणे राहिले, तर सांभाळून घ्या. आपापले कठीण रुग्ण आणि त्यांच्या नोंदी इथे निःसंकोच मांडा, एवढी विनंती करून आपले पुन्हा एकदा स्वागत करतो.