दुष्काळनिवारण आणि भूमिरक्षण
(समितीच्या साहाय्यनिधीच्या सभेत केलेले भाषण)



समितीच्या कार्याचा वृत्तांत व जमाखर्च आपणांस या पुस्तिकेत वाचावयास मिळेलच. त्या जमाखर्चात कडबा आहे, धान्य आहे, पाण्याच्या टँकरचे भाडे आहे. त्यात जी बाब आलेली नाही, तिजविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहो. ती बाब म्हणजे खुद्द जमीन. दुष्काळात जनावर दगावले तर दिसते; कुटुंब गाव सोडून गेले तर दाराचे कुलूप दिसते. जमीन मात्र गाजावाजा न करता मरते आणि पुष्कळदा ती सुकाळातच मरते. हे विधान कोणास चमत्कारिक वाटेल. म्हणून वकिलाच्या रीतीस अनुसरून आम्ही प्रथम पुरावा मांडतो.

पहिली साक्ष जिल्ह्याच्या उत्तर भागाची. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि कालव्यांखालील काळ्या जमिनीस बारमाही पाणी मिळू लागले. या पाण्याने अनेक घरांचे दारिद्र्य हटविले, हे आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच पाण्याच्या बळावर. परंतु खोल काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मंद होतो. उसास वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले म्हणजे जमिनीखालील पाण्याची पातळी चढत चढत मुळांशी येऊन ठेपते. ते पाणी उन्हाने वाफ होऊन जाते आणि त्यात विरघळलेले क्षार माथ्यावर पांढरे फुटून राहतात. पुढे मातीत सोडियम साचले की ती ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी होते. अशा जमिनीस शेतकरी चोपण म्हणतो. शेजारून कालवा भरून वाहत असतो आणि वावरात बी उगवत नाही! प्राचीन काळी तैग्रिस व युफ्रेतिस या नद्यांच्या काठी असेच घडले व तेथील शेतकऱ्यांस गहू सोडून खारट जमीन सोसणाऱ्या जवाकडे वळावे लागले, असे इतिहासकार सांगतात.

दुसरी साक्ष दक्षिण भागाची. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. इकडे पाचशेच्या आसपास पडला तर वर्ष बरे गेले म्हणावयाचे. आमच्या वाडवडिलांनी या पावसाशी जमवून घेतले होते. शेताला ताली घालाव्या, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या देऊन ओल धरावी, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी घ्यावी, गायरान राखावे, अशी त्यांची रीत होती. पुढे ताली फुटल्या त्या फुटल्याच राहिल्या. उताराच्या दिशेने नांगर चालला. गायराने उघडीबोडकी झाली. पावसाच्या एका सरीबरोबर माती ओढ्यास मिळू लागली व वावरात मुरूम उघडा पडला. माती गेली तेथे पाणी मुरावयाचे कशात? विहिरी आटल्या, तेव्हा विंधनविहिरी आल्या. आपला काळा कातळ पाणी साठवितो ते वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत; खाली साठा थोडका आणि तो भरून येण्यास काळ फार. शेजाऱ्याने तीनशे फूट खणले तर आपण पाचशे, अशी अहमहमिका लागली आणि अखेरीस मोसंबी-डाळिंबाच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगविण्याची पाळी आली.

एकीकडे पाणी अति होऊन व दुसरीकडे ते उपसून संपल्यामुळे, एकाच जिल्ह्यात सुपीक जमिनीचे वाळवंट होत आहे. दोहोंच्या मुळाशी दोष एकच: माझ्या हद्दीत आले ते पाणी माझे, त्याचा हिशेब मी कोणास देणे लागत नाही, ही समजूत.

या समजुतीस कायद्याने आधार दिला, हे आम्हां वकीलमंडळींस कबूल केले पाहिजे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात, निश्चित प्रवाहाने न वाहणारे भूगर्भातील पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला आहे. आम्ही ऐन उमेदीत भावाभावांचे विहिरीच्या हिश्शाचे दावे चालविले. कोणाची पाळी किती दिवसांची, हे हुकूमनाम्यात काटेकोर लिहवून घेतले. एका दाव्यात तर बजावणीची वेळ आली तेव्हा विहीर कोरडी पडली होती. आमचा पक्षकार जिंकला होता. त्याने आमची फी चुकती केली, आणि पुढील वर्षी तो ऊसतोडीस गेला. त्या दिवसापासून आमचा हक्कांच्या भाषेवरील विश्वास बराच उणावला आहे. २००९ च्या राज्य कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत खोल विंधनविहिरींवर निर्बंध घातले खरे. पण गावाने मनावर घेतल्यावाचून असा कायदा कागदावरच राहतो.

आता दुष्काळनिवारणाचा इतिहास पाहा. १८७६–७८ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी दख्खन होरपळली. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीनसुधारणेचा कायदा झाला. म्हणजे बांधबंदिस्तीचे महत्त्व तेव्हाच ओळखले गेले होते. तरी १९७२ च्या दुष्काळात असंख्य हात खडी फोडण्यास लागले. त्या कामाने प्राण वाचले, हे थोर कार्य होय; परंतु रस्ता पाणी मुरवीत नाही. २०१२–१३ व २०१८–१९ साली आपल्याच जिल्ह्यात पुनः चारा-छावण्या उभ्या कराव्या लागल्या.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो याच जिल्ह्यात सिद्ध झाला आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने १९७५ नंतर पाणलोटाची कामे करून मार्ग दाखविला. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरावर समपातळी चर खोदले, झाडतोड व मोकाट चराई बंद केली, आणि शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, पाणी पिणारा ऊस लावावयाचा नाही, असे निर्बंध स्वतःवर घालून घेतले. तेथे पावसाळा संपला की गावसभा पाण्याचा ताळेबंद मांडते व त्यावरून पिके ठरविते. तेथेही पाऊस बेताचाच पडतो. बदलला तो हिशेब.

म्हणून आमची समितीस सूचना अशी की, जमलेल्या निधीचा ठराविक भाग चाऱ्यापाण्यात खर्ची न घालता जमिनीसाठी राखून ठेवावा. दक्षिणेकडे तो ताली, चर व ओढ्यावरील बांध यांस द्यावा. कालव्याखालील गावांत निचऱ्याचे चर खणण्यास, जिप्सम व ताग-धैंच्याचे बी घेण्यास द्यावा. मात्र ज्या गावाची सभा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे व त्याप्रमाणे पिके घेण्याचे वचन देईल, त्यासच हे साहाय्य मिळावे. पिण्याचे पाणी व गुरांचा चारा यांस अशी अट नसावी. तहानलेल्याशी करार करणे अधर्म होय.

ही अट कडक आहे, असे काही मित्रांनी आम्हांस बजाविले आहे. उसाच्या पैशावर मुलांची शिक्षणे व मुलींची लग्ने झालेल्या शेतकऱ्यास पीक बदला म्हणणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण चोपण झालेल्या वावरात तोच ऊस उद्या येणार नाही, हेही त्यास कोणी तरी सांगितले पाहिजे.

२०२४ पासून या जिल्ह्यास ज्या अहिल्यादेवींचे नाव आहे, त्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. त्यांनी देशभर विहिरी व घाट बांधले, ते अनोळखी वाटसरूंसाठी. त्यांच्या जिल्ह्यातील आपण निदान आपल्या नातवंडांसाठी जमिनीत पाणी शिल्लक ठेवू या. ज्यांस देणे शक्य आहे त्यांनी द्रव्य द्यावे, कडबा द्यावा, ते नसेल तर चार दिवस कुदळ धरावी. आणि शेतकरी बंधूंनी गावी परतल्यावर पहिल्याच गावसभेत पाण्याचा हिशेब मागावा, एवढी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.