विहिरीच्या पाण्यावरचा तवंग



2024 च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या छत्रपती संभाजीनगरात पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा पुष्कळांना आठवत असतील. टँकरचालकांनी काम थांबविले होते, ते शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर, मनमाडजवळच्या पानेवाडीला. तेथे तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे आहेत. मुंबईकडून जमिनीखालच्या वाहिनीतून तेल येते आणि टँकरने मराठवाड्यात, खानदेशात जाते. तेल कधी येईल, एवढेच त्या दिवशी आपण विचारले. तेल जेथे साठते तेथल्या जमिनीखालच्या पाण्यावर लक्ष कसे ठेवायचे, हे कुणी विचारले नाही. पानेवाडीचे नाव मी दोष देण्यासाठी घेतलेले नाही. आपल्या गाडीतले तेल तेथून येते, म्हणून घेतले. शिवाय तेलाची टाकी काही तेथेच आहे असे नाही. आपल्या फाट्यावरच्या पंपाखालीही ती पुरलेली असतेच.

टाकीला किंवा नळाला बारीक छिद्र पडले, तर तेल वर येत नाही, खाली जाते. आपली जमीन म्हणजे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरमातून तेल झिरपते. पाषाणातून मात्र ते फटींच्या वाटेने पळते. त्यामुळे होते काय, की टाकीला लागून असलेली विहीर स्वच्छ राहते आणि चार शेते पलीकडच्या विहिरीवर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. मग तो शेतकरी म्हणतो, माझ्या पाण्याला वास येतो. आणि इतर त्याला हसतात.

पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून ते पाण्यावर तरंगते. उन्हाळ्यात भूजल खाली गेले की तेही त्याबरोबर उतरते आणि जाता जाता फटींना माखून ठेवते. पावसाळ्यात पाणी चढले की ते माखलेले तेल पाण्याखाली अडकते. मे महिन्यात ज्या विहिरीला वास होता ती श्रावणात निर्मळ वाटते आणि लोक म्हणतात, चला, पावसाने धुऊन नेले. काही धुऊन गेलेले नसते. पुढच्या उन्हाळ्यात वास पुन्हा येतो.

तवंग निदान डोळ्यांना दिसतो. पाण्यात विरघळते ते दिसत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा पदार्थ असतो. तो वर्षानुवर्षे पोटात गेला तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडच्या आजच्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण शेकडा एकपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. आता हिशेब करा. एका लिटर पेट्रोलमध्ये फार तर पावणेनऊ ग्रॅम बेंझीन. ते सगळे विरघळले, तर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत पोहोचते. वीस फूट व्यासाच्या आणि पंधरा फूट पाणी असलेल्या सहा विहिरी झाल्या की हो! शिक्षकांनी हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात जरूर घालावे. आणि बेंझीनचा वास नाकाला कळण्याआधीच ते या मर्यादेच्या कितीतरी पट झालेले असते. म्हणून नाकावर विसंबून चालत नाही, मोजावे लागते.

मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराला नहर बांधून दिली. ती जमिनीखालून नेली, पण तिच्यावर जागोजाग उघडी तोंडे ठेवली, आत डोकावता यावे म्हणून. तेलाच्या साठ्याभोवती निरीक्षणाच्या कूपनलिका घेतात, त्यामागे हाच विचार आहे. एक उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे येणारे पाणी कसे आहे ते कळते, आणि बाकीच्या खालच्या अंगाला. नळीची जाळी पाण्याच्या पातळीच्या वरखाली असावी लागते, नाहीतर तरंगणारे तेल आत येतच नाही. ठरलेल्या मुदतीने पातळी मोजायची, तेलाचा थर पाहायचा, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. आपल्या पाषाणात मात्र दोन-चार नळ्यांवर भागत नाही. आसपासच्या शेतविहिरीही या पाहणीत धरल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेल पसरले तर? आधी गळती बंद करायची. मग वर तरंगणारे तेल उपसायचे, मातीतली वाफ पंपाने ओढायची, पाणी काढून ते कोळशाच्या दाण्यांतून गाळायचे. मातीतले जिवाणूही तेल खातात. त्यांना हवा पुरविली की काम थोडे जलद होते. पण ‘जलद’ म्हणजे वर्षे, बरे का. 2013 साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात बंदराकडून येणाऱ्या तेलवाहिनीला गळती लागली आणि घरोघरच्या बोअरच्या पाण्यावर तेल आले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. वाहिनीची गळती थांबली तरी जमिनीतले तेल काढायला लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

2020 च्या जानेवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पेट्रोल पंपांसाठी नियम काढले. शाळेपासून 50 मीटर अंतर हवे, जागेची फारच अडचण असेल तर 30 मीटर, तेही जादा सुरक्षेसह. पंप होऊ घातला असेल तर ग्रामसभेत टेप घेऊनच जावे.

आणि आपल्याच विहिरीला वास आला तर? काडी पेटवू नका, विहिरीत कुणाला उतरवू नका, मोटार चालू करू नका. उपशाने ते तेल आणखी ओढले जाते, आणि ठिणगीची भीती असते ती निराळीच. तुरटी, ब्लीचिंग पावडर यांचा येथे उपयोग नाही. पाणी उकळले तर वाफ स्वयंपाकघरात भरते. तहसीलदारांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. कायद्याच्या कामी मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना लागतो. आपल्या माहितीसाठी घ्यायचा असेल तर प्रयोगशाळेकडून काचेची बाटली आणा, हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी तोंडोतोंड भरा, आणि बर्फात ठेवून लवकर पोहोचवा. शाळेतल्या तपासणी पेटीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट कळते. बेंझीन कळत नाही. म्हणून अर्जावर ‘पाणी तपासावे’ एवढेच न लिहिता ‘बेंझीन व खनिज तेल तपासावे’ असे लिहा.